सातभाईंतली बकुळा एकटी गाते

मुलांनो, तुमच्या घरी सगळे एकदम बोलतात का? आणि त्यातलं तुमचं बोलणं कुणी कधी वेगळं ऐकलंय का?

नाही ना. मग ही गोष्ट नीट ऐका. मांडी घालून बसा. मोबाइल आईजवळ देऊन या. आई त्यात काय बघत बसते, ते विचारू नका.

एका जंगलात, म्हणजे जिथे पूर्वी जंगल होतं आणि आता 'जंगल' अशी पाटी आहे तिथे, सातभाई राहत होते.

सातभाई हे पक्षी आहेत. तुम्ही पाहिले असतील. मातकट रंग, विस्कटलेली पिसं, फिकट डोळे, आणि चेहरा असा की आत्ताच कुणाशी तरी भांडून आलेत. जातील तिथे सात जण मिळून जाणार आणि कलकलाट करणार.

या सातभाईंत खरं तर पाच भाऊ होते, एक बहीण होती आणि एक वहिनी. पण नाव सातभाईच. बहिणीने किंवा वहिनीने त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर "त्यात काय एवढं?" असं उत्तर आलं असतं, हे दोघींना ठाऊक होतं.

त्या बहिणीचं नाव बकुळा.

सातभाईंची कामाची एक रीत होती. सहा जण खाली, एक वर. खालच्या सहांनी चोचीने पाचोळा उलटायचा आणि किडे शोधायचे. वरच्याने शेंड्यावर बसून पहारा करायचा. रानमांजर दिसलं, साप दिसला, शिकरा दिसला की वरच्याने ओरडायचं. आणि एक ओरडला की कारण न विचारता बाकी सहांनी ओरडायचं, आणि ओरडत ओरडत शत्रूच्या अंगावर जायचं.

एकट्या सातभाईला जंगलात कुणी भीक घालत नाही. पण सात जण एकदम कानाशी येऊन किंचाळायला लागले, की भल्याभल्यांना आपलं दुसरीकडे काम असल्याचं आठवतं.

हा नियम कुठे लिहून ठेवलेला नव्हता. त्यामुळे सगळे तो पाळत होते.

बकुळाचा आवाज सातांत खणखणीत. तिला शेंड्यावर बसायलाही आवडायचं. म्हणून भावांच्या पाळ्याही तीच करायची. तिने हाक दिली की ससे झुडपात शिरायचे, खारी सरसर वर चढायच्या, हरणं शेपट्या उभारून पळत सुटायची. एका हाकेत सगळं जंगल उठून उभं राहायचं.

बकुळाला वाटे, आपल्या आवाजात काहीतरी आहे.

होतंच. मांजराची बातमी होती.

पण संकट टळलं की सगळे काय म्हणत? "सातभाई ओरडले म्हणून वाचलो." बकुळा ओरडली, असं कधी कुणी म्हटलं नाही.

एकदा एक ससीण चार पिल्लांना घेऊन आभार मानायला आली. "सातभाईंनो, तुमचे फार उपकार झाले," ती म्हणाली.

"मी ओरडले होते," बकुळा म्हणाली.

"हो का?" ससीण कौतुकाने म्हणाली. "तुम्ही यातल्या कितव्या?"

ते बकुळाच्या फार जिव्हारी लागलं. दुपारी ती वहिनीकडे गेली. वहिनी बोरीच्या झाडावर, घरट्यात बसली होती. घरट्यात चार अंडी होती, निळीशार. एवढ्या मातकट पक्ष्यांची इतकी निळी अंडी कशी, हे देवालाच माहीत.

"वहिनी, खरं सांगा. मी कोण आहे?"

"वन्सं, जरा अशा सरकून बसा," वहिनी म्हणाली. "अंड्यांवर ऊन येतंय."

बकुळा सरकून बसली. सावली पडली. पण मनाला काही थंडावा आला नाही.

त्याच आठवड्यात तिला भारद्वाज भेटला.

भारद्वाज माहीत आहे ना? काळंभोर अंग, तांबूस पंख, लालबुंद डोळे. उडण्यापेक्षा चालतो जास्त, आणि चालतो तेही उद्घाटनाला आल्यासारखा. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, अशी समजूत आहे. ती कुणी पसरवली याची चौकशी झालेली नाही. तो दिसला की जंगलातले सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे राहत. त्यामुळे तो खातो काय, हे कुणी बघितलं नव्हतं.

"बकुळाबाई," भारद्वाज म्हणाला, "काल तुमचा आवाज ऐकला. काय आवाज आहे. बाकीचे सहा म्हणजे नुसती गर्दी."

बकुळा टुणकन त्याच्याजवळ सरकली. "सातांत माझा कुठला, ते तुम्हाला कळलं?"

"मला कळावंच लागतं. माझं पोट त्यावर आहे," भारद्वाज म्हणाला. आणि हे तो अगदी खरं बोलला.

"पण मला गाणं येत नाही. आम्ही आपले ओरडतो."

"सुरुवातीला सगळे ओरडतातच. त्याला गाणं म्हणायचं की नाही, ते समोर बसायची सोय कशी आहे त्यावर ठरतं. तुम्ही एकटीने कार्यक्रम करा. सोय मी करतो."

बकुळा काही अगदीच भोळी नव्हती. तिने विचारलं, "यात तुम्हाला काय मिळणार?"

"मला? मी आपला मिळेल ते खाणारा," भारद्वाज नम्रपणे म्हणाला.

मग त्याने तिला तयार करायला घेतलं. आधी नाव आटोपशीर केलं. सातभाई काढून टाकायचं, नुसतं 'बकुळा'. मग गाताना डोळे मिटायला शिकवलं. मोठे कलाकार डोळे मिटूनच गातात, उघडे ठेवले तर लोकांना वाटतं, ही आपल्याला मोजतेय. बकुळाला हे जड गेलं. जन्मभर डोळे उघडे ठेवायचं काम केलेलं. पण चार दिवसांत जमलं.

"आणि घरची माणसं पुढच्या ओळीत हवीत," भारद्वाज म्हणाला. "सहाच्या सहा. एक जागा रिकामी दिसली तरी लोक म्हणतात, घरच्यांनाच पटलेलं नाही."

"वहिनी अंड्यांवर बसलीय."

"वहिनी तर आल्याच पाहिजेत. नाहीतर टिटवी त्याचीच बातमी करेल. अंड्यांकडे मी बघतो."

तुम्ही हसताय. तुम्हाला कळलं वाटतं. मुलांनो, गोष्टीच्या बाहेर बसणाऱ्यांना नेहमीच कळतं.

"आणखी एक," जाता जाता भारद्वाज म्हणाला. "तुम्ही तोंड उघडलंत की ते सहा जण सुरू होणार. मग संपलंच. परत सातभाई ते सातभाईच. त्यांची तोंडं आधी बंद करा."

बकुळाने घरी विषय काढला. थोरल्या भावाला सगळे अण्णा म्हणत. अण्णांना आधी काही समजेना.

"तू एकटी गाणार. मग आम्ही कुठे असणार?"

"समोर."

"बरं. आणि आम्ही ओरडायचं कधी?"

"ओरडायचं नाही, अण्णा. ऐकायचं."

"कुणाचं?"

"माझं."

अण्णांनी मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. "अगं, ते तर रोज ऐकतो."

धाकटा भाऊ गोप्या म्हणाला, "टाळ्या तरी आम्ही वाजवायच्या ना बकुळाताई? की त्याही तूच वाजवणार?"

मग बकुळा रडली. रडत म्हणाली, "आजवर तुमच्या सगळ्यांच्या पाळ्या मी केल्या. कधी काही मागितलं नाही. एकदा, एकदाच मला एकटीला ओरडू द्या. काहीही झालं तरी मध्ये तोंड घालायचं नाही. शपथ घ्या."

सातभाई सहसा कुणाला शब्द देत नाहीत, कारण सात जणांचं एकमत होत नाही. पण बहीण रडताना कुणाला बघवेना. सगळ्यांनी शपथ घेतली.

वहिनीने फक्त अंड्यांचं विचारलं.

"अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, वहिनी. ऊन आहे, गार व्हायची नाहीत. आणि भारद्वाजराव स्वतः लक्ष ठेवणार आहेत."

"भारद्वाजराव स्वतः?" वहिनीचा चेहरा उजळला. "मग काळजीच नाही. त्यांचं नुसतं दर्शन झालं तरी चांगलं होतं म्हणतात."

कार्यक्रमाच्या आधी टिटवी मुलाखत घ्यायला आली. टिटवी जंगलात बातम्या देते. तिचं ओरडणं अशुभ समजतात, पण ऐकल्याशिवाय कुणाला राहवत नाही.

"प्रसिद्धीकडे तुम्ही कसं बघता?" टिटवीने विचारलं.

"प्रसिद्धी क्षणाची असते," बकुळा म्हणाली. "मला तिचा मोह नाही. मला कधी कधी वाटतं, कुठेतरी दूर जावं, जिथे मला कुणीच ओळखत नाही."

अजून तिला कुणीच ओळखत नव्हतं. पण प्रसिद्धीचा कंटाळा आल्याचं ती मिळण्याआधीच सांगून ठेवावं लागतं. मिळाल्यावर सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

"भावांशी मतभेद आहेत का?"

"मुळीच नाही. आमचं फार प्रेम आहे."

"म्हणजे आहेत," असं टिटवीने टिपून घेतलं.

रविवारी ऐनाच्या मोठ्या झाडाखाली कार्यक्रम झाला. ससे आले, खारी आल्या, मागे हरणं उभी राहिली. मोर उशिरा आला, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा वेळी आला. पुढच्या ओंडक्यावर सातभाईंतले सहा जण ओळीने बसले होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पिसं नीट बसवली होती. आणि चुकून तोंड उघडू नये म्हणून अण्णांनी प्रत्येकाला चोचीत धरायला एकेक बोर दिलं होतं.

बकुळा शेंड्यावर आली. डोळे मिटले आणि सुरू झाली.

खरं सांगायचं तर ते गाणं म्हणजे तेच ते होतं. के के के, आणि परत के के के. पण आता त्यात मांजराची बातमी नव्हती. त्यामुळे पळायचं कारण नव्हतं, आणि बसून काय करायचं ते कुणाला माहीत नव्हतं. ससे एकमेकांकडे बघू लागले. एका खारीने जांभई दाबली. तेवढ्यात मोराने मान डोलावली. मोराची मान मुळातच डोलते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सशांनी मान डोलावली. हरणांनी डोलावली. कुणीतरी "वा" म्हणालं आणि टाळ्या सुरू झाल्या.

त्या टाळ्या बकुळाने मिटल्या डोळ्यांनी ऐकल्या. सात जणांत वाटून घ्यायच्या नव्हत्या त्या. सगळ्याच्या सगळ्या तिच्या एकटीच्या. तिला वाटलं, हेच. हेच हवं होतं आपल्याला.

मग तिला वाटलं, अण्णांना आवडतंय का बघावं. एवढंच. तिने एक डोळा उघडला.

जन्मभर पहारा केलेला डोळा तो. अण्णांवर थांबलाच नाही. सवयीने पार लांब गेला, बोरीच्या झाडापर्यंत. बोरीच्या फांद्यांत तांबूस पंख हलत होते. भारद्वाज लक्ष ठेवत होता. घरट्यात डोकं घालून लक्ष ठेवत होता.

मुलांनो, इथे बकुळा थांबली. फार नाही, तुम्ही 'एक' म्हणाल तेवढाच वेळ. तेवढ्यात तिच्या मनात आलं की तो अंडी मोजत असेल. आणि असंही आलं की आत्ता ती हाक मारली तर सगळे पळतील, आणि उद्या म्हणतील, सातभाई ओरडले.

मग तिने हाक मारली. खरी हाक. आजवर हजार वेळा मारलेली, पोटातून येणारी.

सशांचे कान ताठ झाले. मागचे पाय उडीसाठी आखडले. दोघे-तिघे उठलेही.

"अहो, खाली बसा," मागून एक हरीण म्हणालं. "आम्हाला दिसत नाही."

"पण मांजर..."

"कसलं मांजर? गाणं आहे ते. तिची जुनी चाल आहे, नव्याने बसवलीय."

"अस्सं," ससे म्हणाले आणि बसले. "वाटतं अगदी खऱ्यासारखं."

बकुळा आणखी जोरात ओरडली. टाळ्या आणखी जोरात झाल्या. "अण्णा, अंडी," ती ओरडली, "अण्णा, अंडी खातोय तो."

"शब्दही आहेत," मोर म्हणाला. "करुण रस आहे."

पुढच्या ओंडक्यावर अण्णांनी चोचीतलं बोर आणखी घट्ट धरलं. सातभाईच्या कानावर ती हाक पडली आणि तो ओरडला नाही, असं त्या घराण्यात आजवर झालं नव्हतं. घशाशी आलेला आवाज ते बोरामागे दाबून धरत होते. वहिनीने पंख उघडले. अण्णांनी आपल्या पंखाने ते मिटवले. 'काहीही झालं तरी' अशी शपथ होती. आणि हिच्या आयुष्यातला हा एकच दिवस होता. गोप्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोर त्याने सोडलं नाही. शेजारचा ससा त्याला म्हणाला, "तुमच्या बहिणीचा अभिमान वाटत असेल नाही?"

बकुळा शेंडा सोडून बोरीकडे झेपावली. सगळे प्रेक्षक उभे राहिले. गाता गाता निघून जायचं, असा शेवट त्या जंगलात आजवर कुणी केला नव्हता.

ती पोचली तेव्हा भारद्वाज फांदीला चोच पुसत होता.

"इतक्यात संपला?" त्याने आपुलकीने विचारलं. "कसा झाला?"

"अंडी कुठायत?"

"मी शेवटपर्यंत लक्ष दिलं," भारद्वाज म्हणाला.

बकुळा त्याच्या अंगावर गेली. डोक्याशी किंचाळली, चोच मारली, परत मारली. ती एकटी होती. भारद्वाजाने फक्त मान जराशी बाजूला केली, वारा लागल्यावर करतात तशी.

"तुमचा आवाज इथपर्यंत येत होता, बकुळाबाई," तो म्हणाला. "माझंच जेवण लांबलं ऐकता ऐकता. पुढच्या रविवारी परत ठेवू. लोकांची मागणी येणार बघा."

आणि तो सावकाश चालत निघून गेला. वाटेत दोन तितर त्याला हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले.

टाळ्या थांबल्यावर, म्हणजे शपथ संपल्यावर, सहाही जण धावत आले. रिकामं घरटं बघून त्यांच्या चोचीतली बोरं खाली पडली.

"बकुळे," अण्णा म्हणाले, "तू खरंच ओरडत होतीस?"

"हो, अण्णा."

"मग तसं सांगायचं ना गं."

"सांगितलं की, अण्णा. पण गाण्याला काय नि संकटाला काय, मला हाक एकच येते."

वहिनी घरट्याच्या काठावर उभी होती. आत निळ्या कवचाचा एक तुकडा राहिला होता. तो तिने उचलला, कुठे ठेवावा ते न कळून परत तिथेच ठेवला. मग बकुळाकडे बघून म्हणाली, "गाणं छान झालं हो, वन्सं. सगळे म्हणत होते."



टिटवीने संध्याकाळच्या आत बातमी सगळीकडे पोचवली. बकुळाने जंगल जिंकलं, भावांना अश्रू अनावर, वगैरे. खारींची पोरं फांद्याफांद्यांवर ती हाक घोटू लागली. "के के के" जमेना, तशी त्यांच्या आया त्यांना बकुळाकडे शिकवणीला पाठवायचं बोलू लागल्या. ससे पाला खाता खाता ती गुणगुणू लागले. एक हरिणी तर तीच हाक हळू आवाजात म्हणून पाडसाला झोपवू लागली. पाडस लगेच झोपायचं.

बकुळा अण्णांजवळ गेली. "अण्णा, मला ते गाणंबिणं नको. मला उद्यापासून पहाऱ्याला बसू द्या."

"बस की," अण्णा म्हणाले. "शेंडा कुठे पळून गेलाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रानमांजर आलं. बकुळाने शेंड्यावरून जीव तोडून हाक दिली. खालचे सहा जण त्याच क्षणी ओरडत उठले, पण मांजर त्यांच्याकडे आलंच नव्हतं, ते सशांकडे निघालं होतं. सशांनी, खारींनी, हरणांनी तो आवाज लगेच ओळखला. "ही बकुळा," असं सगळे एकमेकांना म्हणाले, आणि ऐकत बसले.

तात्पर्य: मुलांनो, आधी नाव कमवावं आणि मगच खरं बोलावं. म्हणजे कुणी घाबरत नाही, कुणाची धावपळ होत नाही, आणि दाद मात्र भरपूर मिळते.